रिपोर्टची शेवटची ओळ

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात चाळिशीच्या पुढची कुणी बाई वा बाप्या असेल, तर चहाचा कप घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. आत्याला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिही की. मला काय लाज? नाव तेवढं घालू नगंस."

आमची आत्या इचलकरंजीत राहते. चाळीस वर्षं कांड्या भरल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यंत्रमागाला लागणाऱ्या बाण्याच्या सुताच्या कांड्या भरायचं काम आपल्याकडे बहुतेक बायकाच करतात. दिवसभर मशीनजवळ उभं राहायचं आणि पाणी कमी प्यायचं, कारण जायचं कुठं? शेडमध्ये बायकांसाठी संडास-मुतारी आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यामुळं "उन्हाळी लागणं" हे आमच्या भागातल्या बायकांना सर्दी-पडशासारखं वाटतं. लघवीला जळजळ झाली की धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली. नाहीच थांबलं तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या तीन दिवसांच्या गोळ्या.

२०२२ च्या दिवाळीनंतर आत्याला हेच सुरू झालं. जळजळ, सारखी लघवीला जायची घाई, रात्री चार-पाच वेळा उठणं. तेव्हा ती साठीची. गोळ्या घेतल्या, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. असे मे महिन्यापर्यंत गोळ्यांचे चार कोर्स झाले. मधे एकदा लघवी लाल झाली होती. ते तिनं कुणाला सांगितलंच नाही. का, तर "बीट खाल्लं हुतं."

आता मागं वळून सगळे कागद एकत्र लावले तेव्हा जे दिसलं ते सांगतो. तिन्ही वेळच्या लघवीच्या तपासणीत तांबड्या पेशी होत्या. एकदाच कल्चर केलं, त्यात जंतू उगवलेच नाहीत. म्हणजे जंतुसंसर्ग नाही आणि रक्त मात्र आहे. हे कागद वेगवेगळ्या पिशव्यांत, वेगवेगळ्या डॉक्टरांकडं. एकत्र कुणी बघितलेच नाहीत. डॉक्टरांनी नाही, आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही नाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. पोरांना मूत्रसंस्थेची आकृती काढायला लावतो. माझ्या हातात ते कागद होते.

इथं डॉक्टरांची बाजू पण सांगायला पाहिजे. जळजळ झालेल्या प्रत्येक बाईच्या मूत्राशयात दुर्बीण घालता येत नाही. शंभरातल्या बहुतेकींना साधा संसर्गच असतो. आणि मूत्राशयाचा कॅन्सर बायकांपेक्षा पुरुषांत तिप्पट-चौपट आढळतो, त्यामुळं बाई समोर आली की डोक्यात आधी संसर्गच येतो. नेमकं म्हणूनच बायकांचं निदान उशिरा होतं. हे आपल्याकडंच नाही, जगभर दिसून आलंय. पण संसर्गाचं औषध देऊनही तक्रार परत परत येते, कल्चर कोरं येतं आणि तांबड्या पेशी जात नाहीत, तेव्हा पाचवा कोर्स लिहायचा नसतो. तिथं थांबून पुढची तपासणी करायची असते. आणि लघवी डोळ्यांना दिसेल इतकी लाल झाली, मग ती एकदाच होऊ दे, दुखू दे की न दुखू दे, मोठ्या माणसाची सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे. उलट न दुखता रक्त जाणं हीच या कॅन्सरची सगळ्यात नेहमीची खूण आहे. आपले लोक मात्र "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणतात.

असो. जून २०२३ मध्ये सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत एका बाजूला जाड दिसली. शेजारच्या शहरातल्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून बघितलं. गाठ अशी नव्हती, थोडा उंचवटा होता. तुकडा काढला.

तुकडा काढायच्या आदल्या रात्री घरात जे झालं ते तुमच्याही घरात होत असणार. "सुरी लागली की पसरतंय", "त्या अमक्याचं बघा, तुकडा काढला आणि सहा महिन्यांत गेला." अहो, तो तुकडा काढल्यामुळं गेला नाही, तुकडा काढायला उशीर झाला म्हणून गेला. मूत्राशयाच्या आजाराचं नाव तुकडा काढल्याशिवाय कळतच नाही. सोनोग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये सावली दिसते. सावलीला नाव नसतं.

तर तुकड्याची बाटली माझ्या हातात दिली आणि लॅबला पोचवा म्हणाले. मोटारसायकलवरून, शर्टाच्या वरच्या खिशात घालून मी ती नेली. आत फॉर्मलीन, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे दोन-तीन तुकडे. सोबत एक चिठ्ठी. पुढं त्या चिठ्ठीची नक्कल मिळाली. आत्याचं नाव, वय, आणि "मूत्राशयाचा तुकडा, सूज?" एवढंच. सात महिने त्रास आहे, रक्त जातंय, कल्चर कोरं आलंय, भिंत जाड दिसलीय, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. जुनाट सूज, कॅन्सरच्या पेशी नाहीत. मी स्वतः पेढे आणले. आत्यानं अंबाबाईचा नवस फेडला.

रिपोर्टच्या खाली, सहीच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ होती. नमुन्यात स्नायूचा थर आढळला नाही, लक्षणांशी पडताळून पाहावे. ती ओळ आम्ही वाचली नाही. ज्यांनी आम्हाला रिपोर्ट समजावून सांगितला त्यांनीही वाचली नाही, किंवा वाचून सोडली.

आता या ओळीचा अर्थ सांगतो, कारण सगळी पोस्ट त्यासाठीच आहे. मूत्राशय म्हणजे एक पिशवी समजा. आतून पातळ अस्तर, त्याखाली एक सैल थर, आणि त्याबाहेर जाड स्नायू. कॅन्सर बहुतेक वेळा अस्तरात सुरू होतो. दर दहा रुग्णांत साधारण नऊ जणांचा याच जातीचा. तो अस्तरातच आहे की स्नायूत घुसलाय, यावर सगळं ठरतं. वरवरचा असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढतात, वर मूत्राशयात औषध सोडतात. (ते औषध म्हणजे बीसीजी, आपल्याला लहानपणी दंडावर दिलेली क्षयाची लस! ऐकून मी पण चाट पडलो.) स्नायूत घुसला असेल तर बहुधा मूत्राशयच काढावं लागतं. मग ज्या तुकड्यात स्नायूच नाही, त्यावरून स्नायूत काही नाही असं कसं म्हणणार? विहिरीचं पाणी वरून कळशीभर काढलं आणि तळाला गाळ नाही म्हणून सांगितलं, तसलाच प्रकार.

आणि आत्याच्या बाबतीत ही ओळ दुप्पट महत्त्वाची होती. कारण तिचा कॅन्सर साधा नव्हता.

'व्हेरियंट' हा शब्द करोनानं घराघरात नेला. कॅन्सरचेही व्हेरियंट असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात आता त्यांना उपप्रकार म्हणतात. मूत्राशयात असे बरेच आहेत. एक असा पसरतो की गाठ न होता भिंतच नुसती टणक होत जाते, बाहेरून काही दिसत नाही. एक लहान पेशींचा, फुप्फुसातल्या तसल्याच कॅन्सरसारखा वागणारा, त्याला आधी केमोच द्यावी लागते, मग ऑपरेशन किंवा शेक. आणि एक 'नेस्टेड', म्हणजे घरट्यांचा. आत्याचा हा. मूत्राशयाच्या स्नायूत घुसलेल्या कॅन्सरमध्ये शंभरात एकही भरत नाही इतका दुर्मीळ.

तो सापडायला अवघड का, हे त्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. चांगल्या माणसाच्या मूत्राशयातही अस्तराखाली पेशींची बारीक बारीक घरटी असतात. सूज असली की ती वाढतात. त्यात वाईट काही नसतं. नेस्टेड कॅन्सरच्या पेशी हुबेहूब तशाच दिसतात. कॅन्सरच्या पेशी म्हटलं की वेड्यावाकड्या, मोठ्या, काळ्या केंद्रकाच्या असं पुस्तकात असतं, मी पण तसंच शिकवतो. या मात्र गुणी बाळासारख्या शांत. लघवीतल्या पेशींची तपासणी केली तरी पुष्कळदा काही सापडत नाही. फरक कळतो तो मुख्यतः एकाच गोष्टीवरून. चांगली घरटी वरच राहतात आणि एका सरळ रेषेत थांबतात. ही घरटी वेडीवाकडी पसरत खाली जातात, स्नायूत शिरतात. म्हणजे चोर चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, कुठल्या खोलीत सापडला त्यावरून ओळखायचा. आणि आम्ही तर त्यांना फक्त ओसरी दाखवली होती.

दिसायला गरीब म्हणून वागायला गरीब, असं नाही. तो मुळात सापडतो तेव्हाच बऱ्याचदा खोलवर गेलेला असतो.

सप्टेंबरमध्ये आत्याची उजवी कूस दुखायला लागली. मूतखडा असेल म्हणून पुन्हा सोनोग्राफी. खडा नव्हता. मूत्रपिंड सुजलेलं, कारण मूत्राशयाच्या भिंतीनं नळीचं तोंडच दाबलं होतं. या वेळी आम्ही दुसऱ्या यूरॉलॉजिस्टकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आधीची स्लाइड आणि ब्लॉक कुठाय?"

ब्लॉक म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढून काचेवर घेतात. उरलेलं मेण म्हणजे ब्लॉक. त्यावरून पुढंही नवीन काप काढता येतात, विशेष रंगाच्या तपासण्या करता येतात, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. तो ब्लॉक परत मिळवायला आम्हाला अकरा दिवस लागले. हॉस्पिटल म्हणतंय लॅबकडं, लॅब म्हणतंय हॉस्पिटलला विचारा, मधेच "तुम्हाला कशाला पाहिजे, रिपोर्ट नॉर्मल आहे की." अकराव्या दिवशी काउंटरवर एक पोरगं होतं, त्यानं पाच मिनिटांत आणून दिला. माझाच माजी विद्यार्थी निघाला. ज्याचा विद्यार्थी काउंटरवर नाही त्यानं काय करायचं?

मग पुन्हा दुर्बीण. या वेळी खोल, स्नायूसकट खरवडून तुकडे घेतले. चिठ्ठीवर पानभर मजकूर. सोबत जुना ब्लॉक, सोनोग्राफी, सीटी स्कॅनचा रिपोर्ट. आणि तिसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा त्या यूरॉलॉजिस्टना फोन आला. दुर्बिणीतून नेमकं कसं दिसत होतं, नळीच्या तोंडाशी होतं का, आधी कुठल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय का. मी तिथंच बसलो होतो. दहा मिनिटं दोघं बोलत होते. सगळ्या प्रवासात दोन डॉक्टर एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदाच बघितले. विशेष तपासण्यांचे पैसे वेगळे भरले, मुंबईला स्लाइड दाखवून खात्री केली, आणि नाव मिळालं.

जुन्या ब्लॉकमध्ये काय होतं? मॅडम म्हणाल्या, "आता माहीत असल्यावर बघितलं तर शंका येते. पण एवढ्याशा वरवरच्या तुकड्यावर, एवढ्याशा चिठ्ठीवर, मीही कदाचित सूजच लिहिलं असतं." त्यांच्या या वाक्याबद्दल मला फार आदर आहे. म्हणून पहिल्या पॅथॉलॉजिस्टवर मी राग धरत नाही. त्यानं शेवटी ती ओळ लिहिली होती. त्यानं सांगितलं होतं की मला पुरेसं दिलेलं नाही. माझा राग आहे तो त्या कोऱ्या चिठ्ठीवर, आणि ती ओळ वाचून पुन्हा खोल तुकडा न घेण्यावर.

मूत्रपिंडात पाठीतून नळी टाकली, केमो झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑपरेशन. मूत्राशय, सोबत गर्भाशय, सगळं काढलं. आतड्याच्या तुकड्याची वाट करून पोटावर पिशवी बसवलीय, लघवी त्यात येते. ऑपरेशन योजनेत बसलं. आधीच्या तपासण्या, विशेष रंगाच्या चाचण्या, मुंबईच्या फेऱ्या मात्र आमच्या खिशातून गेल्या. महात्मा फुले योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, चांगलंच आहे. पण उपचार निदानानंतर सुरू होतात, आणि आमची खरी ओढाताण निदानाच्या आधी झाली. गरीब माणूस तिथंच थांबतो. "रिपोर्ट नॉर्मल आलाय" म्हणून घरी जातो.

हे मी इचलकरंजीच्या लोकांना मुद्दाम का सांगतोय, त्याला आणखी एक कारण आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण बिडी-सिगारेट. धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून मूत्राशयात येऊन साठतात. दुसरं जुनं, सिद्ध झालेलं कारण म्हणजे रंग. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जननं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतोय हे दाखवून दिलं. पुढं बेंझिडीनसारखी रसायनं त्यात दोषी ठरली. आणि हा आजार काम सोडल्यावर वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी उगवतो. (तिसरं कारण परदेशातलं, इजिप्तमधला पाण्यातून येणारा जंत. त्याचा कॅन्सर वेगळ्याच जातीचा. गंमत म्हणजे तसल्या जंताची भारतातली नोंद १९५२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावची. तिथं कॅन्सर झाला असं नव्हे, पण मूत्राशयाचा विषय निघाला की मला हे आठवतं.) आत्याचा आजार कशामुळं, हे कुणी सांगू शकत नाही आणि मीही कुठल्या कारखान्यावर बोट ठेवणार नाही. पण आपल्या गावात प्रोसेसमध्ये, रंगखात्यात आयुष्य काढलेली हजारो माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यातल्या किती जणांची वर्षातून एकदा साधी लघवी तपासली जाते? ती काही महागडी तपासणी नाही.

"दुर्मीळ आजाराचा एवढा बाऊ कशाला," असं एका मित्रानं मला तोंडावर विचारलं. बरोबर आहे, घरट्यांचा कॅन्सर तुमच्या ओळखीत बहुधा कुणाला होणार नाही. पण आत्याचं जे हुकलं ते दुर्मीळपणामुळं हुकलं नाही. रक्त दिसलं ते सांगितलं नाही, कागद एकत्र झाले नाहीत, चिठ्ठी कोरी गेली, स्नायू आला नाही, शेवटची ओळ वाचली नाही. यातल्या एकाही गोष्टीला मोठं मशीन लागत नाही. या चुका साध्या कॅन्सरमध्ये पण होतात, फक्त साधा कॅन्सर ढळढळीत दिसतो म्हणून तरून जातो.

तेव्हा तुमच्या घरात असं काही निघालं तर डॉक्टरांना नम्रपणे, पण विचाराच: "नमुन्यात स्नायू आलाय का?" नसेल आला आणि शंका असेल, तर पुन्हा तुकडा घेणं ही काही डॉक्टरची नामुष्की नाही, तशी पद्धतच आहे. बाटली लॅबला जायच्या आधी चिठ्ठीवर काय लिहिलंय बघा. कोरी असेल तर म्हणा, साहेब, एवढं लिहून द्या. कागदांच्या नकला मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून आहे हे. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि २०२१ पासून राज्यातल्या नर्सिंग होमना रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं बंधनकारक आहे. शोधा ती भिंतीवर. बहुधा कॅलेंडरच्या मागं सापडेल.

प्रत्येक वेळी मुंबईला पळावंच लागतं असंही नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधून कागदपत्रं ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचं मत घेता येतं. आम्हाला हे ऑपरेशन झाल्यावर कळलं.

सरकारकडं माझं मागणं फार मोठं नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात काढलेल्या तुकड्यासाठी सगळीकडं एकच छापील चिठ्ठी असावी आणि ती पूर्ण भरल्याशिवाय लॅबनं नमुना घेऊ नये. कॅन्सरची शंका आहे पण रिपोर्ट नॉर्मल आलाय, अशा स्लाइड मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीकडं फेरतपासणीला फुकट जाव्यात. विशेष चाचण्या निदानाच्या टप्प्यावरच योजनेत धराव्यात. आणि महापालिकेकडं एक, शेडमध्ये बायकांसाठी मुतारी नसेल तर परवाना देऊ नका. पहिल्या तिन्हींना वेळ लागेल हे मला कळतं. चौथ्याला एका महिन्याचीही गरज नाही.

याचं निवेदन तयार केलंय. रविवारी सकाळी दहा ते बारा मी शाळेच्या फाटकाशी टेबल टाकून बसणार आहे. सही करायला या. प्रोसेसमध्ये काम केलेल्यांनी नाव, वय आणि किती वर्षं काम केलं एवढं सांगितलं तरी यादी करायला बरं पडेल.

आत्या पण येणार आहे. दर तीन महिन्यांच्या तपासण्या आता सहा महिन्यांवर आल्यात. पिशवीवर पदर घेऊन बसते, कुणाला कळत पण नाही. परवा शेजारची एक बाई तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मला पण एकदा लाल झाली हुती, पण बीट खाल्लं हुतं." आत्यानं तिला तिथल्या तिथं रिक्षात घातलं आणि सोनोग्राफीला घेऊन गेली. काही निघालं नाही. दुर्बिणीची तारीख पुढच्या बुधवारची आहे, आत्याच सोबत जाणार आहे.